लाल चिठ्ठीचे पिंजरे

संस्थेत सगळे त्याच्या पाठीमागे त्याला उंदीरमामा म्हणत आणि तोंडावर नुसतं मामा. सव्वीस वर्षं प्रयोगासाठीच्या पांढऱ्या उंदरांना खाऊपिऊ घालणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? दरवर्षी नवे विद्यार्थी येत आणि हे नाव आपणच शोधून काढलं अशा थाटात हसत. मामाही दरवर्षी ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसे. एवढं सोडलं तर तो कुणाचे फारसे लाड करत नसे. उंदराला शेपटीला धरून लोंबकळवणाऱ्याला तो सरळ खोलीबाहेर काढी, मग तो साहेबांचा भाचा का असेना.

प्राणिघर तळमजल्यावर होतं. खिडकी नसलेली लांबट खोली, भिंतीला लोखंडी फळ्या, फळ्यांवर पिंजरे, आणि हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्याची न थांबणारी घरघर. वासाबद्दल काही विचारू नये. मामाला तो येत नसे आणि त्याच्या बायकोलाही येईनासा झाला होता, कारण तीही याच इमारतीत, वरच्या मजल्यावर प्रयोगशाळांचं काचसामान धुवायची. नवरा-बायको सकाळी एकाच बसने येत, एकाच दाराने आत शिरत, आणि संध्याकाळपर्यंत एकमेकांचं तोंडही बघत नसत. लोक म्हणत, म्हणूनच संसार टिकलाय.

या गोष्टीतली तिसरी व्यक्ती म्हणजे मॅडम. वय पस्तिशीचं, बोलणं तुटक, चालणं धावल्यासारखं. कुंपणावर कुणी न लावता चढणाऱ्या एका कडू वेलीच्या मागे ती तीन वर्षं लागली होती. साखरेच्या आजारावर काही म्हातारी माणसं तिचा पाला चावतात, असं तिच्या कानावर आलं होतं. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवायचा नाही आणि ती हसून उडवायचीही नाही, मोजून बघायची, असं तिचं म्हणणं. तर तिनं पाला सावलीत वाळवला, कुटला, मद्यार्कात भिजवला, गाळला, आटवला आणि शेवटी हिरवट काळी भुकटी केली. पोतंभर पाल्यातून निघाली एक बरणी. ती बरणी ती स्वतःच्या हातानं शीतकपाटात ठेवी आणि स्वतःच्या हातानं काढी.

प्रयोग तसा साधा होता. चोवीस उंदीर, सहा-सहांचे चार गट, प्रत्येक गटाचे दोन पिंजरे. पांढऱ्या चिठ्ठीचे उंदीर धडधाकट. बाकीच्या तिन्ही गटांना सुई देऊन साखरेचा आजार लावलेला. त्यांतल्या निळ्या चिठ्ठीला नेहमीची गोळी, हिरव्या चिठ्ठीला वेलीचा अर्क, आणि लाल चिठ्ठीला काही नाही. लाल चिठ्ठीनं फक्त आजारी राहायचं, म्हणजे बाकीच्यांत किती फरक पडला ते कळतं. अठ्ठावीस दिवस हे चालायचं. दर सात दिवसांनी शेपटीच्या टोकातून रक्ताचा थेंब काढून साखर बघायची. अठ्ठाविसाव्या दिवशी सगळ्यांनाच संपवायचं आणि आतले अवयव तपासायचे. बरे झालेलेही जायचे आणि न झालेलेही.

हे सगळं मामाला पाठ होतं. मारायच्या दिवशी उंदीर काढून देण्याचं कामही त्याचंच, आणि ते तो कसलंही नाटक न करता करी. त्याला दयेचा झरा वगैरे समजू नका. उंदीर मरतात याचं त्याला काही वाटत नव्हतं असं नाही, पण सव्वीस वर्षांत ते वाटणं अंगवळणी पडलं होतं.

अंगवळणी पडली नाही ती तहान.

साखरेचा आजार झालेला उंदीर पाणी पितो ते बघण्यासारखं असतं, आणि बघू नये असंही असतं. धडधाकट उंदीर नळीला दोन-चारदा जीभ लावतो आणि आपल्या उद्योगाला जातो. लाल चिठ्ठीचे उंदीर नळी सोडतच नसत. एकाला हाकललं की दुसरा, दुसऱ्याला की तिसरा. सकाळी भरलेली बाटली दुपारी रिकामी. आणि जेवढं पीत तेवढंच बाहेर, त्यामुळे पिंजऱ्यातला लाकडाचा भुसा सकाळ-संध्याकाळ चिंब. धडधाकटांचा भुसा आठवड्यातून दोनदा बदलला तरी चाले, लाल चिठ्ठीचा रोज बदलावा लागे. मामा भुसा बदली, बाटल्या भरी, किती पाणी संपलं ते मोजून वहीत लिही. हात काम करत आणि डोकं एकोणीस वर्षं मागे जाई.

त्याला एक मुलगी होती. घाऱ्या डोळ्यांची, म्हणून तिला मनी म्हणत. उंदीरमामाच्या घरी मनी, असा विनोद तेव्हा संस्थेत फार चाले. मनी सात वर्षांची असताना बायको पंधरा-वीस दिवसांसाठी बहिणीच्या बाळंतपणाला लांब गेली, आणि घरात बाप-लेक दोघंच राहिले. चौथ्या-पाचव्या दिवसापासून मनी अंथरूण ओलं करायला लागली. एवढी मोठी मुलगी. बापाला वाटलं, आई नाही म्हणून चाळे करतेय. कामावर जायच्या आधी चादरी धुऊन धुऊन तो मेटाकुटीला आला. शेजारच्या आजोबांनी शहाणपण शिकवलं, दिवस मावळला की पाणी बंद करा, आपोआप सवय सुटेल. यानं ते ऐकलं. संध्याकाळ झाली की पाण्याचा जग कपाटावर, तिचा हात पुरणार नाही अशा उंचीवर. ती मागे मागे फिरे, बाबा एक घोट, बाबा एकच घोट. हा म्हणे, सकाळी. एकदा ती न्हाणीघरातल्या बादलीतून ओंजळीनं पिताना सापडली. त्यानं तिच्या पाठीत धपाटा घातला. पुढच्याच आठवड्यात ती गेली. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि विचारलं, किती दिवस पाणी पाणी करत होती. दोन दिवस, असं तो म्हणाला. बायको धावतपळत येईपर्यंत सगळं संपलं होतं. तिलाही त्यानं दोन दिवसच सांगितलं.

आणि तेच त्यानं एकोणीस वर्षं टिकवलं.

तर प्रयोगाच्या सातव्या दिवशी आकडे आले. लाल चिठ्ठीची साखर चारशे चाळीस, हिरवीची तीनशे साठ. मॅडम सहसा हसत नसे, त्या दिवशी हसली. मामासाठी स्वतः चहा घेऊन खाली आली आणि म्हणाली, "मामा, आपला पाला काहीतरी करतोय." आपला म्हणाली ते मामाला फार बरं वाटलं.

रोज सकाळी ती बरणीतली भुकटी तोलून पाण्यात कालवी आणि हिरव्या चिठ्ठीच्या एकेका उंदराच्या घशात नळीनं मोजून सोडी. सहा उंदरांना बारा मिली लागे, पण नळीत आणि भांड्याला लागून जातं म्हणून ती वीस करी. उरलेलं दुसऱ्या दिवशी चालत नाही. ते मामाच्या हातात देऊन ती म्हणे, टाकून द्या, आणि वर पळे. टाकाऊ द्रव ओतायची बरणी कोपऱ्यात होती, लाल चिठ्ठीच्या फळीच्या शेजारीच.

नवव्या दिवशी मामा ते भांडं घेऊन कोपऱ्यापर्यंत गेला. फळीवर एक उंदीर पुढचे दोन्ही पाय नळीला लावून उभा होता आणि बाटली रिकामी होती. त्यानं बाटली काढली, भरली, आणि उरलेला अर्क दोन्ही लाल पिंजऱ्यांच्या बाटल्यांत निम्मा निम्मा ओतला. पाणी जरा काळपट झालं, पण जुन्या धुरकट बाटल्यांत ते कोण बघतंय? अर्क कडूजहर होता. धडधाकट उंदरानं त्याला तोंड लावलं नसतं. पण तहानलेल्याला कडू काय आणि गोड काय. जो जास्त तहानलेला, त्याच्या पोटात जास्त गेलं.

सव्वीस वर्षं इथे काढलेल्या माणसाला, आपण काय करतोय ते कळत नव्हतं असं कुणी म्हणू नये. लाल चिठ्ठी कशासाठी असते ते तो नव्या विद्यार्थ्यांना समजावून सांगायचा. त्यानं एवढंच स्वतःला पटवलं की टाकायचंच आहे, थेंबभर तर आहे, त्यानं काय होतंय. माणूस स्वतःला पटवायला बसला की वकील लागत नाही. दुसऱ्या दिवशीही त्यानं तेच केलं, आणि तिसऱ्या दिवशी तर भांड्याची वाट बघत उभा राहिला.

भुसा कोरडा राहायला लागला. बाटल्या संध्याकाळपर्यंत पुरायला लागल्या. लाल पिंजऱ्यातले उंदीर नळी सोडून एकमेकांच्या अंगावर झोपायला लागले. ते बघून मामाला इतका आनंद होई की तो काम नसताना खुर्ची ओढून तिथे बसे.

चौदाव्या दिवशी मॅडमच्या कपाळावर आठी आली. एकविसाव्या दिवशी लाल चिठ्ठी दोनशे ऐंशी आणि हिरवी दोनशे पंचाहत्तर. तिनं यंत्र बदललं, पट्ट्यांचा डबा बदलला, पुन्हा थेंब घेतले. आकडे तेच.

"आजारच नीट लागला नव्हता," ती शेवटी म्हणाली. "आपोआप बरे होतायत. मग अर्कानं काय केलं? काहीच नाही. फरक नाही म्हणजे नाही."

प्राण्यांवरच्या प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या समितीनं तिला एवढ्याच प्राण्यांची, एवढ्याच फेरीची परवानगी दिली होती, आणि तिची नेमणूकही त्याच महिन्याअखेरीपर्यंत. फरक दिसला असता तर दोन्ही वाढणार होतं. आता साहेबांनी सांगितलं होतं, गुंडाळा. तीन वर्षांचं काम, पोत्यांनी वाळवलेला पाला, सगळ्याची किंमत एका ओळीत: परिणाम आढळला नाही. ती प्राणिघरातल्या स्टुलावर बसली आणि डोळ्यांना रुमाल लावून रडली. मामा तिथेच होता म्हणून ती लाजली नाही. मामासमोर काय लाजायचं?

खरं काय ते मामालाच माहीत होतं. तोंड उघडलं तर नोकरी जाणार होती, पण त्याचं तेवढं नव्हतं. उद्या कोणीतरी विचारणार होतं, का केलंत? आणि त्या का-चं उत्तर त्यानं एकोणीस वर्षं कुणाला दिलं नव्हतं. मूग गिळून बसला असता तर कुणाला कधी कळलं नसतं. एक रात्र आणि अर्धा दिवस तो बसलाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो तिच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला.

"मॅडम, लाल पिंजऱ्यांना आजार नीट लागला होता."

"आकडे तसं म्हणत नाहीत, मामा."

"उरलेला अर्क मी टाकत नव्हतो. त्यांच्या पाण्यात घालत होतो. नवव्या दिवसापासून."

तिनं पेन खाली ठेवलं. मग मामाचीच पाण्याची वही पुढे ओढली आणि बोट फिरवत नवव्या दिवसावर आणलं. तिथून पाणी कमी होत गेलं होतं, ते मामानं इमानेइतबारे लिहिलं होतं.

"किती घालायचात?"

"उरेल तेवढं. सात-आठ मिली. दोन बाटल्यांत निम्मं निम्मं."

तिनं कागदावर भागाकार केला. तिचा चेहरा असा उजळला की मामाला वाटलं, सुटलो. "म्हणजे चालतो," ती हळूच म्हणाली. "मामा, अर्क चालतो. दोन्हीकडे चालला."

आणि मग तिला कळलं. कुणी किती प्यायलं याचा हिशोब नाही, आजारी ठेवायचा गटच उरलेला नाही, हे कागद कुणापुढे ठेवता येत नाहीत. चेहऱ्यावरचा उजेड गेला तो गेला.

"मला माहीत आहे की तो चालतो, आणि मी ते सिद्ध करू शकत नाही," ती म्हणाली. "तुम्ही माझं काय केलंत, मामा? तुमच्याऐवजी दुसरं कुणी असतं तर मी समजू शकले असते."

तिनं वही मिटली.

"हे मला समितीला कळवावं लागेल. तुमचं लेखी लागेल, कारणासकट." तिनं त्याच्याकडे बघितलं. "का केलंत?"

"उद्या सांगतो," तो म्हणाला. "आधी घरी सांगायला हवं."

पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकलेलं बरं, कारण गोष्ट तिथे संपत नाही. समितीनं ती फेरी रद्द केली. मॅडमची नेमणूक वाढली नाही. ती दुसरीकडे शिकवायला गेली आणि वेलीची बरणी शीतकपाटात मागे राहिली. मामाला प्राणिघरात पाऊल ठेवायला मनाई झाली, भांडारात बसवलं. अठ्ठाविसाव्या दिवशी चोवीसच्या चोवीस उंदीर ठरल्याप्रमाणे गेले. जाताना मॅडम भांडारात येऊन मामाला भेटली. रागावलेली नव्हती, पण आपला पाला असंही म्हणाली नाही.

तर मॅडमपाशी कबुली दिली त्या संध्याकाळी मामा घरी आला. बायको आधीच्या बसने आली होती आणि दोरीवरचे कपडे काढून पलंगावर घड्या घालत बसली होती. काचसामानाच्या साबणानं तिच्या बोटांना कायमच्या भेगा पडल्या होत्या, कापडाचे धागे त्यांत अडकत.

"एक सांगायचंय," तो म्हणाला.

"सांगा की. परवानगी कधीपासून लागायला लागली?"

त्यानं उंदरांपासून सुरुवात केली. तिनं घड्या घालत घालत ऐकलं. "उंदरांना औषध पाजलं म्हणून कुणी फासावर देत नाही," ती म्हणाली. "ओरडतील चार दिवस. पण तुम्हाला ही अवदसा आठवली कुठून?"

मग त्यानं सांगितलं. जग कपाटावर ठेवायचो ते सांगितलं. एक घोट, एकच घोट, हे सांगितलं. बादलीचं आणि पाठीतल्या धपाट्याचं सांगितलं. "दोन दिवस नव्हते. दहा-अकरा दिवस होते. मी तिला तहानलेली ठेवली. तुला खोटं सांगितलं." बोलताना तो तिच्याकडे बघत नव्हता, तिच्या मांडीवरच्या सदऱ्याकडे बघत होता. सदऱ्यावरचे हात थांबले होते.

आता ती ओरडेल, असं त्याला वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं? आजोबांनी?"

"तिनंच सांगितलं होतं. शेजारच्यांच्या फोनवरून नाही का तुम्ही तिला माझ्याशी बोलायला लावलं होतंत? तुम्ही बाहेर आजोबांशी बोलत होता. मला म्हणाली, आई, बाबा रात्री पाणी देत नाहीत, मला खूप तहान लागते. मागे बहिणीचं बाळ रडत होतं, मला फोन ठेवायची घाई. मी म्हटलं, बाबा सांगतील तसं वागावं. शहाणी ना तू?" तिनं सदऱ्याची बाही सरळ केली. "बरं म्हणाली ती. बरं आई, म्हणाली."

बोटाच्या भेगेत अडकलेला धागा तिनं सोडवला.

"मला वाटायचं, तुम्हाला हे कळलं तर तुम्ही माझं तोंड बघणार नाही. आईला सांगितलं होतं तिनं, आणि आईनंही ऐकलं नाही." तिनं सदऱ्याची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "म्हणून मी तुम्हाला कधी काही विचारलं नाही."

एकोणीस वर्षं तो समजत आला होता की बायकोचं मन मोठं आहे म्हणून ती खोदून विचारत नाही. त्याबद्दल तो मनातल्या मनात तिच्या पाया पडत आला होता. एका खोलीत, एका पलंगावर, दोन माणसं एकमेकांना भिऊन गप्प राहिली होती. रडू दोघांनाही आलं नाही. इतक्या वर्षांनी ते येतं कुठून?

मग तिनं विचारलं, "दवाखान्यात तरी दिलं ना हो तिला? शेवटी तरी पोटभर प्यायली ना?"

दवाखान्यात डॉक्टरांनी तोंडानं काही द्यायचं नाही असं बजावलं होतं. हाताला सलाईनची नळी होती. मनीनं दोनदा डोळे उघडले आणि दोन्ही वेळा पाणी मागितलं. नर्सनं कापसाचा बोळा भिजवून दिला होता. तो मामानं तिच्या ओठांवरून फिरवला, आणि तिनं तो दातांत धरला आणि सोडेना. तो बोळा त्याला तिच्या दातांतून ओढून काढावा लागला होता.

आज सगळं खरं सांगायचं असं ठरवून तो घरी आला होता. त्यानं बायकोच्या बोटांकडे बघितलं.

"हो," तो म्हणाला. "दोन पेले प्यायली. मग शांत झोपली."

"दोन पेले," ती म्हणाली.

"वर अर्धा आणखी मागितला. तोही दिला."

तिनं मान डोलावली, दोन-तीनदा. मग खालची मोठी चादर उचलली, एकटीला तिची घडी घालता येईना, म्हणून दुसरं टोक तिनं त्याच्या हातात दिलं.